ठिपक्यांखालची रेघ

बायकोवर जळणारे नवरे जगात कमी नाहीत. पण ते जळतात तिच्या पगारावर, नाहीतर तिच्या माहेरच्यांच्या थाटावर. आमचा दशांश जळायचा तो तिच्या न्यूट्रॉनवर.

दशांश हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. गणित करताना दशांशचिन्हानंतरचा एकही आकडा तो सोडत नसे, म्हणून दोघं काम करायची त्या संशोधन संस्थेतल्या कुणीतरी ते ठेवलं, आणि असं चिकटलं की फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून थोरल्या सरांपर्यंत सगळे त्याला त्याच नावानं हाक मारायला लागले. चारचौघांत त्याचा विषय निघाला की लोक म्हणत, ‘दशांश ना? फार काटेकोर माणूस हो.’ आणि बायकोचा विषय निघाला की म्हणत, ‘काय डोकं आहे!’ आता काटेकोर म्हणवून घेण्यात आणि डोकं आहे म्हणवून घेण्यात किती फरक आहे, ते ज्याला आयुष्यभर काटेकोर म्हटलंय त्यालाच विचारा.

दोघं एकाच वर्गात होती, एकाच सरांकडे शिकली, एकाच फळ्यापुढे भांडता भांडता त्यांचं जमलं. लग्नाच्या वेळी तो तिच्या पुढे होता. हे बाकी कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं, त्याच्या मात्र पक्कं होतं. मग काय झालं, कधी झालं, देव जाणे. बाहेरगावचे पाहुणे यायचे, त्याच्या दाराशी थबकायचे, आणि तो खुर्चीवरून अर्धा उठतो न उठतो तोच विचारायचे, “मॅडमची खोली कुठली हो?” तो बोटानं दाखवायचा. हसून दाखवायचा. दार लावल्यावर मात्र त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी तरी बरं असावं? छे! घरी सख्खी आई फितूर. सून घरात आली तशी म्हातारीनं पक्षच बदलला. शेजारणींपुढे सगळं ‘आमच्या सूनबाई’, ‘आमच्या सूनबाई’. एकदा एकीनं विचारलं, “आणि मुलगा काय करतो तुमचा?” तर आई म्हणाली, “तोही तिथंच असतो.” तिथंच असतो! जसा काही जिन्याखाली ठेवलेला केरसुणीचा दांडा.

बरं, बायको तोऱ्यात वागायची म्हणावं तर तेही नाही. तशी असती तर किती सोपं झालं असतं! तोंडभर हसायची, त्याच्या खोलीत येऊन त्याच्या खुर्चीच्या हातावर बसायची, “हे बघ ना जरा” म्हणायची. तो बघायचा, आणि ते बरोबर असायचं. नेहमी. त्यानं किती वेळा मनातल्या मनात हात जोडले असतील, की देवा, एकदा, फक्त एकदा हिची चूक माझ्या हाती लागू दे.

आणि मग ती न्यूट्रॉनची भानगड आली.

घाबरू नका, परीक्षा नाही घेत. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले दोघे भाऊ. दोघांच्या पोटात तीन-तीन क्वार्क. न्यूट्रॉनवर वीजभार शून्य, असं शाळेत घोकून घेतात. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. आतल्या क्वार्कांवर भार असतो, कुणावर अधिक, कुणावर उणे, आणि बेरीज शून्य येते. पण तो भार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. मधोमध अधिक थोडा वरचढ, कडेला उणे थोडा वरचढ. लोकांनी इलेक्ट्रॉनचा मारा करकरून हे मोजलंय. मोजलेले ठिपके कागदावर मांडले की एक बुटकं टेकाड दिसतं.

हे टेकाड येतं कुठून, तर बरंचसं क्वार्कांच्या स्पिनमुळे. स्पिन म्हणजे भोवऱ्याचं फिरणं म्हणा, अगदी तसं नसलं तरी आपल्यापुरतं चालेल. तिघांचे स्पिन मिळून शेवटी एकाएवढाच उरायला हवा. तो कसा उरवायचा याच्या तऱ्हा अनेक. दोघांनी आपसात एकमेकांना खोडून टाकायचं आणि तिसऱ्यानं आपला स्पिन घेऊन उभं राहायचं, ही सगळ्यांत सरळ जोडणी. दुसरी एक जोडणी जरा अवघड, तिच्यात जोडीच्या धावपळीचाही वाटा असतो. कुठली जोडणी धरता त्यावर टेकाड उंच होतं की बसकं, ते ठरतं. सरळ जोडणी धरून ज्यांनी ज्यांनी हिशेब केला, त्यांच्या आकड्यांची रेघ ठिपक्यांच्या खालून गेली. खूप खालून नाही. पण खालून.

बायको म्हणाली, दोन्ही जोडण्या मिसळून बघू. प्रमाण मनानं नाही ठरवायचं, ते अमुक एका कारणानं आपोआप ठरतंच. आणि तसं केलं तर रेघ वर सरकेल.

ऐकून थोरल्या सरांचे डोळे चमकले. सर निवृत्तीला आलेले. गट कुणाच्या हाती द्यायचा हे ते अजून बोलले नव्हते, पण दोघांपैकी एकाच्या, हे उघड गुपित होतं. बायकोचं हे गणित जुळलं असतं तर बोलायला काही उरलंच नसतं. दशांशाला ते लख्ख ठाऊक होतं.

सरांच्या गटाची एक रीत होती. कुठलंही गणित बाहेर जायच्या आधी दोघांनी वेगवेगळं करायचं. वेगवेगळं म्हणजे पुरतं वेगळं. एकमेकांचं बघायचं नाही, विचारायचं नाही, कुणाकडून कानावर आलंच तर सरांना तसं सांगायचं आणि तपासणीतून बाजूला व्हायचं. दोघांची तयारी झाली की सर फळ्याचा दिवस ठरवत. एक या टोकाला, एक त्या टोकाला, एकमेकांकडे पाठ करून आकडे लिहायचे. जुळले तर चहा, नाही जुळले तर दोघांनी पहिल्यापासून. या रीतीत लाज नव्हती, मानापमान नव्हता. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंही फळ्यापुढे सरळ वागत.

सर म्हणाले, “दशांश, हे तू तपास.”

“मी?” दशांश म्हणाला. “सर, घरातलाच माणूस…”

“ही गणितं येणारं दुसरं आहे कोण इथं? कर.”

घरी मग क्वार्क हा शब्दच बंद झाला. जेवताना दोघं हवेबद्दल, गळक्या नळाबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायची. आई खूश. “किती वर्षांनी घरात माणसांसारखं बोलणं चाललंय,” म्हणाली.

आणि दशांश? तो इतका मन लावून कधीच बसला नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी खोलीत, दार लावून, पडदा ओढून. आत्ता कुठे देवानं ऐकलं होतं. बायकोच्या गणितात चूक असेल तर ती त्याच्या हाती लागणार होती, आणि तीही चोरून नव्हे, रीतसर! त्यानं प्रत्येक पद स्वतः मांडलं. इलेक्ट्रॉनचा धक्का बसला की न्यूट्रॉन मागे उडतो, त्यामुळे प्रत्येक क्वार्कचा स्पिन वळवून घ्यावा लागतो, धक्क्याआधीचा एका दिशेनं, नंतरचा उलट दिशेनं. दुसऱ्या, अवघड जोडणीत हे वळवणं भलतंच किचकट. तिथं त्यानं एकेक चिन्ह तपासून लिहिलं.

मग अदलाबदल. वीजभार सोडला तर तिन्ही क्वार्क सारखेच, कुणाला पहिला म्हणा नि कुणाला तिसरा, उत्तरात केसाएवढाही फरक पडता कामा नये. ही चाचणी कंटाळवाणी, संगणक रडकुंडीला येतो, म्हणून लोक ती शेवटावर ढकलतात. दशांशानं ढकलली नाही. नावं उलटीपालटी केली आणि उत्तर तेच आलं, शेवटच्या आकड्यापर्यंत.

मग त्यानं रेघ काढली. रेघ ठिपक्यांच्या खालून गेली.

थोडी वर सरकली होती, नाही असं नाही. पण ठिपक्यांना शिवलीसुद्धा नाही. राणीसाहेबांची मोठी कल्पना, तिच्यातून निघालं काय, तर एवढंसं. दशांश खुर्चीत मागे रेलला आणि चक्क शीळ घालायला लागला. वाईट वाटलं का? काडीचंही नाही. तो फळ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणत बसला. ती लिहील, तो लिहील, दोघांचे आकडे सारखेच येतील, आणि टेकाड बसकंच राहील. चूक नव्हे, पण फुसका बार. सगळे म्हणतील, ‘हरकत नाही, मॅडम, कल्पना छान होती.’ त्या ‘हरकत नाही’साठी त्याचे कान आसुसले होते. घरी जाताना त्यानं आईसाठी गुडघ्यांचं तेल नेलं आणि बायकोसाठी फुलं. माणूस सुखात असला की उदार होतो.

त्याच आठवड्यातली गोष्ट. बायकोला यायला उशीर होता, आई आणि तो दोघंच जेवायला बसलेले. आई आज भलतीच खुशीत. पानात वाढता वाढता म्हणाली, “आता तुला सांगायला नको, पण सूनबाईंचं जमलं बरं का.”

“काय जमलं?”

“ते तुमचं. तिची रेघ म्हणे सगळ्या ठिपक्यांवरून गेली. एकही सुटला नाही. काय नाचली रे स्वयंपाकघरात! मला धरून गोल फिरवलंन्. म्हटलं, अगं, माझे गुडघे!”

“आई!”

“का? मला काय कळतंय त्यातलं? रेघ कळते, ठिपके कळतात. बिचारी सांगेल कुणाला? तुला सांगायची चोरी. पोटात मावेना तिच्या, म्हणून मला सांगितलं. तू जेव.”

दशांशाच्या तोंडचं पाणी पळालं. घास हातात तसाच.

आता इथं कुणीही शहाणा माणूस म्हणेल, अरे, तिची रेघ वरून गेली, तुझी खालून गेली, तुझी चाचणीही झालेली आहे, म्हणजे चूक तिची! हेच तर मागत होतास ना? उड्या मार! पण दशांशाच्या मनाला हा विचार शिवलाही नाही. मी शपथेवर सांगतो, शिवला नाही. ज्या क्षणी ऐकलं की तिचं वेगळं आलंय, त्याच क्षणी त्यानं धरून टाकलं की आपलं चुकलं. वर्षानुवर्षं तिच्यावर जळत होता, तो काही ती कमी आहे म्हणून नव्हे. ती आपल्यापेक्षा सरस आहे याबद्दल त्या घरात सगळ्यांत जास्त खात्री त्यालाच होती. आईला होती त्याहूनही जास्त.

सकाळी उठून सरांकडे जायचं, ‘कानावर आलं’ म्हणायचं, बाजूला व्हायचं. एवढीच तर रीत. तो निघालाही, सरांच्या दारापर्यंत गेलाही. आतून सर कुणाशी तरी फोनवर हसत होते. त्याच्या मनात आलं, बाजूला झालो तर सर बाहेरच्या कुणाकडून तपासून घेतील, त्याचं तिच्याशी जुळेल, आणि मग कुणीतरी विचारेलच, ‘दशांश, तुझं काय आलं होतं हो?’ खालून गेलेली रेघ दाखवायची? आणि तिनं ती बघायची? “असू दे रे, होतं असं,” म्हणून पाठीवर हात फिरवायचा? नको रे बाबा! तो शेपूट घालून आपल्या खोलीत परत आला, आणि स्वतःची चूक शोधायला बसला.

शोधली की सापडतेच. अवघड जोडणीत, तिसऱ्या क्वार्कचा स्पिन वळवताना, एक उणे होतं. ते अधिक केलं तर रेघ उचलली जात होती, थेट ठिपक्यांवर. पण उगाच कसं करणार? मग त्यानं पुस्तकं काढली. एका जुन्या पुस्तकात दिशा मोजायची एक रीत, दुसऱ्यात दुसरी. आपण दोन रीतींची सरमिसळ केली असणार, नक्की केली असणार, असं त्यानं स्वतःला पटवलं. पटवायला दुपार गेली. उण्याचं अधिक केलं. रेघ वर गेली, एकही ठिपका सुटला नाही.

अदलाबदलीची चाचणी पुन्हा करायला हवी होती. हात कळफलकावर गेलाही. मग तो म्हणाला, एकदा केली आहे की. आणि संगणक बंद करून टाकला.

फळ्याच्या दिवशी सगळा गट जमला. एकमेकांकडे पाठ करून दोघांनी लिहिलं. खडूचा आवाज थांबला, सर मधे उभे राहिले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळे आकडे जुळले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, “चहा सांगा रे!”

मग काय विचारता! त्या वर्षीच्या मोठ्या परिषदेच्या उद्घाटनाचं भाषण बायकोला मिळालं. ज्यांनी ते ठिपके मोजले होते ते लोक खास ऐकायला येणार होते. सरांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की परिषदेनंतर गट तिच्याकडे. टाळ्यांना पहिले हात दशांशाचे उठले. कुणीतरी म्हणालं, “आणि तपासणारा पण काय काटेकोर!” दशांशाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हसला. निदान चुकला तरी नव्हता. चारचौघांत, फळ्यावर, तो तिच्या बरोबरीनं उभा राहिला होता. एवढ्यावर समाधान मानायचं त्यानं ठरवलं, आणि ते समाधान रोज थोडं थोडं कडू होत गेलं. घरात दिवसभर फोन, अभिनंदनं. आई शेजारणीला सांगतेय, “उद्घाटन म्हणजे पहिलंच भाषण हो, त्याआधी कुणी बोलतच नाही.” बायको आरशापुढे उभी राहून भाषणाचा सराव करतेय, आणि मधेच वळून विचारतेय, “अरे, हे वाक्य जड होतंय का?” त्याला वाटायचं, हो म्हणावं. सगळंच जड होतंय म्हणावं. तो म्हणायचा, “छान आहे.”

परिषद तोंडावर आलेली, आणि एक दिवस बायकोनं सगळ्यांना फळ्याच्या खोलीत बोलावलं. केस विस्कटलेले, डोळे लाल. सर आले, गट आला, दशांश मागे खिडकीशी उभा राहिला.

“चूक आहे,” ती म्हणाली. “भाषणात दाखवायला म्हणून मी अदलाबदल चाचणी लावली होती. पहिल्या जोडणीची मी आधीच केली होती, दुसरीची नंतरवर ठेवली होती. म्हटलं, तपासणी जुळलीच आहे. काल उत्तर आलं. क्वार्कांची नावं बदलली की आकडा बदलतोय.”



“सापडली?” सरांनी विचारलं.

“सापडली. दुसऱ्या जोडणीत, तिसऱ्या क्वार्कचा स्पिन मी धक्क्याआधी आणि नंतर एकाच बाजूला वळवलाय. एक उणे हवं होतं. ते घातलं की रेघ खाली येते.” ती खडू घेऊन वळली आणि तिनं रेघ काढली, ठिपक्यांच्या खालून. “ही खरी. पहिल्यापेक्षा थोडी वर आहे, बस. मी परिषदेला कळवते. भाषण मागे घेते. लेखही.”

दशांश त्या रेघेकडे बघत राहिला. ती त्याची होती. तिचे ते किंचित उचललेले खांदे, तिचा तो उजवीकडचा उतार, सगळं त्यानं महिन्यांपूर्वी, दार लावून, पडदा ओढून काढलेलं.

काय वाटलं असेल त्याला? लाज? असेल, पण ती मागाहून. त्या क्षणी तर त्याला ऐकू येत होते ते लोक. एक जण म्हणाला, “भाषण चार दिवसांवर आलेलं, कुणाला कळलं नसतं, आणि स्वतः होऊन सांगताय, मॅडम!” दुसरी म्हणाली, “हॅट्स ऑफ!” कुणीतरी हळूच टाळीही वाजवली. सर तिच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाई, बरोबर गणितं मी पुष्कळांची पाहिली. असं वागणं नाही पाहिलं.”

म्हणजे चुकली तरी हिचंच कौतुक! जुळलं तेव्हा डोकं, फसलं तेव्हा मन! आणि ती खालची रेघ, आयुष्यात एकदाच तिच्या आधी, तिच्याशिवाय मिळालेली, तीही आता हिच्याच नावावर जाणार, हिच्याच हस्ताक्षरात फळ्यावर! दशांशाच्या डोक्यात सणक गेली.

“माझं आधी हेच आलं होतं!” तो ओरडला.

सगळे वळले.

“हीच रेघ. मी काढली होती, हिच्या आधी. ते उणे होतं माझं. चाचणी केली होती मी, उत्तर बदललं नव्हतं. माझं बरोबर होतं!”

आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याला हळूहळू उमगलं. तोंडातून गेलेलं परत गिळता येतं थोडंच?

सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, “मग फळ्यावर अधिक कसं आलं, दशांश?”

सांगावंच लागलं. आईचं, जेवणाचं, पुस्तकांतल्या दोन रीतींचं. सांगताना स्वतःलाच ते इतकं पोरकट वाटलं की मधेच त्याला हसू आलं, आणि बाकी कुणालाच आलं नाही.

सर खुर्चीवर बसले. “आकडा चुकतो, त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “पण या खोलीत दोन माणसांचं जुळलं म्हणजे जुळलं, एवढ्या एका गोष्टीवर आम्ही इतकी वर्षं काढली. आता तुझं कुणाशी जुळलं तर मी काय समजू? यापुढे तू तपासणी करायची नाहीस. कुणाचीच.” मग उठले, आणि फळा पुसायला कुणालाही न सांगता बाहेर गेले. बाकीचेही एकेक करून सटकले.

राहिली दोघं. बायको खुर्चीवर बसून बोटांवरचा खडू झटकत होती. दशांश खिडकीशी तसाच. ती रडेल, ओरडेल, आईला बोल लावेल, म्हणून तो वाट बघत राहिला.

“भाषण गेलं तुझं माझ्यामुळे,” शेवटी तोच म्हणाला.

“भाषण माझ्या चुकीमुळे गेलं.”

“मी तेव्हाच बोललो असतो तर…”

“हो. तर त्याच दिवशी सापडली असती.” तिनं वर बघितलं. “तुला ठाऊक आहे, सर बाहेरच्या संस्थेत पाठवणार होते तपासायला? मी नको म्हटलं. मी तुझं नाव सांगितलं.”

“का?”

“का म्हणजे? बाहेरचे माझं नाव बघून वरवर चाळतात नि बरोबर म्हणतात. इथले सगळे मला मानतात. सरांची तर मी लेकच. चूक असली तरी कुणाला दिसणार नाही, मला माहीत होतं. म्हटलं, आपल्यावर मनापासून जळणारा एकच माणूस आहे. तो एक चिन्ह सोडणार नाही. खरवडून काढील.”

“तुला… माहीत होतं?”

“अरे, एका घरात राहतो आपण. पाहुणे तुझ्या दारावरून पुढे आले की तुझं दार कसं लागतं, ते मला ऐकू येतं ना. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग वाटलं, असू दे. आई लाड करते, सर लाड करतात, एक जण तरी डोळ्यांत तेल घालून बघतोय माझ्याकडे. त्याच्या भरवशावर तर मी त्या अवघड जोडणीला हात घातला.”

तो खिडकीपासून एक पाऊल पुढे आला.

“जळलास, त्याचं मला काही नाही,” ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फुटला. “पण ऐनवेळी माझ्यावर विश्वास कशाला ठेवलास रे?”

ती उठली, डोळे पुसले आणि परिषदेच्या लोकांना फोन लावायला आपल्या खोलीत निघून गेली. दशांशाला एकदम वाटलं, मागून जावं, दार वाजवावं, म्हणावं, पुढचं गणित दे, मी बघतो, या वेळी सोडणार नाही. पण ते म्हणायचा हक्क आता त्याला नव्हता, आणि तिचं तपासणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं.